जिमखान्याच्या सरांना, जाहीरपणे

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

माझ्या खो-खोच्या प्रमाणपत्राची पडताळणी झाली, तसं पत्र हातात आलं. फोनवर मी नुसतीच रडले, म्हणून हे लिहिते.

राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण आधी आपलं प्रमाणपत्र खरं आहे हे सिद्ध करावं लागतं. प्रमाणपत्रावरच्या स्पर्धेचं रेकॉर्ड मागितलं की भलेभले बहिरे होतात! जिथे ते असायलाच हवं, तिथे ‘वाळवीनं खाल्लं’ म्हणून हात झटकले. एका साहेबांनी तर ‘खो-खोच ना?’ असं ऐकवलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात प्रियंका इंगळेच्या भारतीय महिला संघानं नेपाळला ७८-४० असं लोळवलं, तेव्हा याच साहेबांनी स्टेटसला तिरंगा लावला असणार. पैज लावते.

तुमच्या कपाटात मात्र, निवृत्तीनंतरही, सगळं होतं. सकाळी ॲथलेटिक्स, दुपारी प्रवासभत्त्यासाठी प्राचार्यांशी हुज्जत, संध्याकाळी आम्ही आणि पलीकडे कबड्डीची पोरं. शिपाई रजेवर असला की मैदानावर फक्कीही तुम्हीच मारायचात. एवढ्या रामरगाड्यात प्रवेशिका न् गुणपत्रकं फायलीला लावत बसलात कधी?

पण सर, मला गलबलून आलं ते झेरॉक्स बघून. मी माझ्यापुरती प्रत मागितली होती. तुम्ही बारा संच करून ठेवले होते. प्रत्येकावर पेन्सिलीनं माहेरचं नाव, आणि माहीत असेल तिथे खाली सासरचं. मैदानात उतरायच्या नऊजणी. राखीव तिघींना त्या अख्ख्या स्पर्धेत एक डावही मिळाला नव्हता. त्यांचेही संच होते. “त्या पण पहाटे यायच्याच की,” एवढंच म्हणालात, आणि मी पैसे काढले तर “पोराला खाऊ घे” म्हणून परत केलेत.

पदकवाल्यांचे सत्कार आपल्याकडे उदंड होतात. बाकावर बसलेल्या पोरीचा कागद जपणारा माणूस विरळा. अशी सरळ माणसं प्रत्येक जिमखान्यात असती, तर कितीजणींचे अर्ज एका कागदापायी अडले नसते.

दोघी राखीव आपापले संच घेऊन गेल्या. तिसरी सुरतेला असते, तिचा नंबर कालच मिळाला. दिवाळीला माहेरी आली की तिला तुमच्याकडेच पाठवते. तिचा संच तुम्हीच द्या.

तुमची विद्यार्थिनी