केळीच्या बागेतली माणसंही मोज

चि. ताईस, अनेक आशीर्वाद.

जनगणनेच्या कामाला तुझं नाव लागलं, हे ऐकून फार आनंद झाला. २०११ नंतर आता कुठे ही मोजणी होते आहे. फोनवर सगळं बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो.

तुला मिळणाऱ्या नकाशात गावठाण ठळक असेल. पण आपल्या भागात गाव गावठाणात संपत नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि मधली सगळी जमीन नदीकडे उतरती. पायथ्याशी गोटे आणि वाळू, पाणी पडलं की सरळ खाली मुरतं. तापीकडे मात्र खोल गाळाची काळी माती. नदीचं पात्र खोल आणि दरडी उंच, म्हणून जुनी गावं पूर पोचणार नाही अशा उंचवट्यावर बसलेली. मधोमध पाटलांची, गुजरांची घरं, कडेला कोळी, तडवी, आणि नाल्याच्या अंगाला भिल्लांची भिलाटी. ही सगळी वस्ती तुला सापडेल, त्याची काळजी नाही.

काळजी आहे ती शिवारातल्या माणसांची. केळीमुळे सातपुड्यातली कितीतरी पावरा आदिवासी कुटुंबं वर्षभर मळ्यात राहतात. कपाशीच्या काड्यांचा कूड, वर ताडपत्री, बाजूला बोरची मोटर. बागेची पानं एवढी दाट की बांधावरून झोपडी दिसतही नाही. वीज रात्रीची असली की गडी रात्रभर पाणी भरतो आणि सकाळी झोपतो. बाई उजाडताच हरभरा सोंगायला निघून जाते. दुपारी गेलीस तर लहान पोर तेवढं भेटेल, आणि त्याला घरात किती माणसं ते धड सांगता येणार नाही. म्हणून दिवस मावळताना जा. मळेमालकाला विचारून आकडा लिहू नकोस. तो 'एक सालदार आहे' म्हणेल आणि झोपडीत सहा जण असतील.

उलट भिलाटीत आणि तांड्यावर कुलपं दिसतील. शिरगणती फेब्रुवारीत, आणि ऊसतोडीला गेलेली माणसं तेव्हा कारखान्याच्या फडावर असतात. ती जिथे असतील तिथे त्यांची नोंद व्हायला हवी, पण फडावर कोणी पोचतं का, याची मला शंका आहे. मागे राहिलेली म्हातारी माणसं आणि पोरं तरी नीट विचारून घे.

बायकांच्या कामाचं तर बायकांनाच विचार. दारात बसलेला कर्ता माणूस 'ती घरीच असते' असं सांगून मोकळा होतो. तुझी आई दादर ज्वारी कापते, निंदणी करते, गुरांचं बघते, आणि तिच्या नावापुढेही कोणीतरी असंच लिहून गेलं असेल. लहान मुलींची नावं सुटू देऊ नकोस. २०११ साली आपल्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर होती, आणि सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे मुली होत्या ८४२. तू शाळेत शिकवतेस, वर्गात मुली किती कमी दिसतात हे मी तुला सांगायला नको. एखादी तान्ही केवळ घाईत राहून गेली, असं तुझ्या हातून व्हायला नको.

मातृभाषेच्या रकान्यात लोक मराठी म्हणतील, कारण सरकारी माणसासमोर अहिराणी किंवा पावरी सांगायला संकोच वाटतो. घरात काय बोलता, एवढं साधं विचार. पुढे पाड्यावर त्यांच्या बोलीतला शिक्षक द्यायचा झाला, तर आधी ती बोली कागदावर असावी लागते.

पायथ्याकडच्या मळ्यांना चारचाकी जात नाही आणि अंधारात तू एकटी जाऊ नयेस. त्या तीन-चार दिवसांची तारीख आधी कळव, मी मोटारसायकल घेऊन येतो. तिकडचे बांध मला माहीत आहेत, आणि पावरी मला थोडी बोलता येते.

तुझे,
अण्णा