आधी पट्टी काढा, मग चव सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हाताने वळलेल्या 'बुटीक' सिगारची चव कशी घ्यावी, यावर पानभर मजकूर आला आहे. 'कोको, भिजलेली माती, जुनं चामडं' ही चवींची यादी मी मोठ्याने वाचली तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "चामडं कधी चाखलं होतं यांनी?"

मी निपाणीच्या वखारीत पस्तीस वर्षं बिडीच्या तंबाखूची पारख केली. सिगार ओढायचा योग मात्र तीन वर्षांपूर्वीच आला, मुलीकडे फ्लोरिडात टॅम्पाला गेलो तेव्हा. म्हणजे सिगारमधला मी जाणकार नव्हे. पण पान ओळखतो, आणि लेखातल्या चुका नेमक्या पानाच्याच आहेत.

'वरचं पान जितकं काळं तितका सिगार कडक', असं लेखिकेने लिहिलं आहे. तसं नसतं. पान काळपट होतं ते बहुतेक वेळा जास्त दिवस आंबवल्यामुळे, आणि त्याने तोंडात उलट गोडसरपणाच येतो. कडकपणा ठरतो ते पान झाडावर कुठे होतं त्यावर. शेंडा खुडला की वरच्या पानांत जोर उतरतो, हे आमच्या भागात शाळकरी पोरालाही माहीत असतं. क्युबातले लोक वरच्या पानाला लिहेरो म्हणतात, मधल्याला सेको आणि खालच्याला वोलादो. लिहेरो जाड, तेलकट असतं आणि सावकाश जळतं, म्हणून वळणारा ते बरोबर मधोमध घालतो. वोलादोला चव बेताची, पण विस्तव तेच धरून ठेवतं. हे सगळं एका पानात बांधायचं आणि त्यावर सगळ्यात देखणं पान गुंडाळायचं. बिडीत तंबाखू फक्त आत असते, वरचं पान तेंदूचं. सिगार आतबाहेर तंबाखूचाच.

टॅम्पात ईबॉर सिटी म्हणून भाग आहे. 1886 पासून तिथे क्युबन हातांनी सिगार वळले जात आले. रस्त्यात कोंबडे मोकाट फिरतात, त्यांना कोणी हाकलत नाही. एका दुकानाच्या काचेमागे एक म्हातारा लाकडी फळीवर सिगार वळत बसला होता. हातात चावेता, म्हणजे बिनमुठीचं पातं. आमच्या बायका पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीने तेंदूचं पान कापतात, हा नुसत्या नजरेने कापत होता. अर्धा तास मी तिथून हललो नाही, शेवटी जावई कंटाळला.

संपादकसाहेब, तुमच्या धंद्यातली गोष्ट म्हणून मध्येच सांगतो. तिथल्या कारखान्यांत पूर्वी एक माणूस उंच जागी बसून कामगारांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवायचा. त्याचा पगार कामगार आपल्या खिशातून द्यायचे. 1931 साली मालकांनी वाचणारे बंद केले आणि रेडिओ आणले.

त्या म्हाताऱ्याकडून सहा डॉलरचा बिनपट्टीचा, म्हणजे कंपनीच्या नावाची कागदी पट्टी नसलेला, एक सिगार घेतला. दुसरा शेजारच्या दुकानातला, सोनेरी पट्टीचा, बावीस डॉलरचा 'बुटीक'. ('बुटीक' म्हणजे थोडा माल काढणारा कारखाना, एवढंच. चवीची हमी त्या शब्दात नाही.) दोन्ही रोबुस्तो मापाचे: लांबी 5 इंच, जाडी 50, म्हणजे इंचाच्या चौसष्टाव्या भागाने मोजली तर पन्नास. पट्टी काढून जावयाने दोघांना कोरा कागद गुंडाळला आणि एक, दोन असे आकडे घातले. मी दोन वेगवेगळ्या संध्याकाळी ओढले, कारण पहिल्यानंतर जीभ दुसऱ्याच्या कामाची राहत नाही.

एक नंबर बोटांनी चाचपला तेव्हा मध्ये गाठ लागली. पेटवल्यावर आधी भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा वास, छान. पण विस्तव गाठीपाशी आला आणि धूर ओढला जाईना. एक बाजू जळत गेली, दुसरी तशीच. जोर लावला की सिगार तापतो आणि कडवट होतो. दोनदा पुन्हा पेटवावा लागला. दोन नंबर मात्र सरळ जळला, राख अंगठ्याच्या पेराएवढी टिकली. थोडा धूर नाकावाटे सोडला तेव्हा आधी मिरीची झणझण आली आणि मागून काकवी. शेवटच्या तिसऱ्या भागात मात्र नाकात अमोनिया गेला. आंबवणं पुरं न झालेल्या थप्पीला येतो तोच दर्प.

मी मनाशी ठरवून टाकलं होतं की गाठ पट्टीवाल्याची असणार. गाठ निघाली म्हाताऱ्याची! ज्याच्या हातावर मी अर्धा तास खूश होतो, त्याचीच. अमोनियावाला बावीस डॉलरचा होता. चार दिवसांनी म्हाताऱ्याचा आणखी एक आणला, तो शेवटपर्यंत सुरेख जळला. हाताने केलेल्या वस्तूचं असंच असतं, एकावरून निकाल देता येत नाही. तुमच्या लेखिकेने लाउंजमध्ये एकच ओढला आणि शंभरपैकी ब्याण्णव गुण दिले.

'अस्सल सिगार क्युबाचाच' हेही जुनं झालं. क्रांतीनंतर तिथले शेतकरी आणि कारागीर बी-बियाणं घेऊन निकाराग्वा, डॉमिनिकन रिपब्लिकला गेले. 1962 पासून अमेरिकेत क्युबन माल बंद, म्हणून या देशांच्या मालाची पेठ वाढली. माझा पट्टीवालाही निकाराग्वातल्या एस्तेलीचा होता, वरचं पान इक्वेडोरचं. आणि सिगार फ्रिजमध्ये ठेवायला सांगू नका, वाळून जातो. साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते. आमच्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते, आणि उन्हाळ्यात तंबाखूचा किडा सुईएवढी भोकं पाडतो. वखारीत आयुष्यभर त्याच्याशीच भांडलो.

'धूर गिळत नाहीत, म्हणून काळजी नको' हे वाक्य तर छापायलाच नको होतं. माझा थोरला भाऊ तोंडाच्या कर्करोगाने गेला. त्याने कधी धूर केला नाही, फक्त तंबाखू मळली. मी ते तीन सिगार ओढले, चौथा आणला नाही.

तंबाखूच्या जाहिरातीला 2003 च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून एक विचारतो. पुढच्या वेळी गुणांच्या शेजारी एवढं छापा: किती सिगार ओढले, पट्टी काढली होती का, आणि पैसे कोणी दिले.

आपला,
एक जुना वाचक, निपाणी