बालकर्करोग व रक्तविकारांच्या अतिविशेष प्रशिक्षणाबाबत स्मरणसूचना

सर्व सभासद बालरोगतज्ज्ञांस,

बालरोगशास्त्रातील एम.डी. किंवा डी.एन.बी.नंतर बालकर्करोग व रक्तविकारांच्या तीन वर्षांच्या अतिविशेष अभ्यासक्रमाचा विचार करणाऱ्या सभासदांनी नीट-एसएस या अतिविशेष अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेचे वेळापत्रक आणि पात्रतेच्या अटी केवळ अधिकृत माहितीपुस्तिकेतूनच पडताळून पाहाव्यात. गटावर फिरणारे स्क्रीनशॉट ग्राह्य धरू नयेत.

संस्था निवडताना केवळ नावलौकिक पाहू नये. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाबरोबरच घनगाठींचे (अवयवांत गाठीच्या रूपात वाढणाऱ्या कर्करोगांचे) रुग्णही मोठ्या संख्येने दिसतात. अन्यत्र थॅलेसेमिया, हिमोफिलिया किंवा मूलपेशी प्रत्यारोपणावर अधिक भर असू शकतो. म्हणून आपल्याला पुढे कोणते काम करायचे आहे, हे ठरवून तेथील सध्याच्या प्रशिक्षणार्थींशी आधी बोलावे. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतो. त्यामुळे एकाच मुलाला निदानापासून देखभाल टप्प्यापर्यंत पाहता येणे, ही या प्रशिक्षणातील खरी शिदोरी आहे.

जे सभासद या शाखेकडे वळणार नाहीत, त्यांनीही दोन गोष्टी आपल्या विभागात पक्क्या कराव्यात, कारण केमोथेरपी घेऊन गावी परतलेले मूल रात्री ताप घेऊन येते ते आपल्याकडेच. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी असण्याची शक्यता असलेल्या अशा मुलाला पहिले शिरेतील प्रतिजैविक 60 मिनिटांच्या आत मिळावे आणि रक्तगणनेच्या अहवालासाठी ते अडवू नये. तसेच, व्हिन्क्रिस्टिन हे शिरेतून द्यायचे केमोथेरपीचे औषध पाठीच्या मणक्यातून देणे जीवघेणे असल्याने ते मणक्यातील औषधांसोबत एकाच ट्रेमध्ये कधीही ठेवू नये.

इच्छुकांनी आपली नावे सचिवांकडे कळवावीत.

सचिव