चमकणारा उंदीर म्हणजे बरा झालेला उंदीर नव्हे

महोदय,

एसआयआरएनए (ठरावीक जनुक गप्प करणारे आरएनएचे छोटे रेणू) उपचारांच्या बातमीसोबत उंदराच्या शरीरात उजळलेल्या गाठीचे चित्र अनेकदा असते. पण ती चमक बहुधा रेणूला जोडलेल्या रंगद्रव्याची असते. रंग सुटून भलतीकडे गेला, किंवा औषध पेशीतल्या पिशवीतच अडकून पडले (बहुतांश औषधाचे तसेच होते), तरी चित्र तितकेच देखणे! जनुक खरोखर गप्प झाले का, हे त्याचा एमआरएनए (प्रथिन बनवण्याचा जनुकाचा संदेश नेणारा रेणू) आणि प्रथिन मोजूनच कळते. आरएनएने जनुक असे गप्प करता येते, या ज्या शोधाला २००६ चे नोबेल मिळाले, त्यातून पहिले औषध, पॅटिसिरान, २०१८ मध्ये मंजूर झाले; तेही यकृतातले प्रथिन रोखणारे, कारण औषध वाहून नेणारे मेदाचे सूक्ष्मकण तिथे सहज पोहोचतात. इतर अवयवांबाबतचे दावे छापताना चित्राशेजारी ही मोजमापेही द्यावीत.

— एक वाचक