ही नदीची स्तोत्रे नव्हेत

महोदय,

पावसाळा आला की पुरवण्यांमधून नदीच्या गाण्यांच्या याद्या येतात. त्यांत भूपेन हजारिकांचे गंगेवरचे गाणे हटकून गंगेची महती म्हणून छापले जाते. ते स्तोत्र नाही, जाब आहे. दोन्ही काठांवर माणसे हाल सोसत असताना तू गप्प वाहतेस कशी, असा.

मूळ गाणे असमिया, आणि त्यात गंगा नाहीच. तिथे आहे 'बुढा लुइत', म्हणजे ब्रह्मपुत्र. नदी नव्हे, नद; पुरुष. हे म्हातारपण अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीकडून आलेले. १९२७ च्या 'शो बोट' या संगीतनाटकात धक्क्यावरचा कृष्णवर्णीय हमाल त्या म्हाताऱ्या नदीकडे बघत 'ओल्ड मॅन रिव्हर' हे गाणे गातो. शब्द ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे, चाल जेरोम कर्न यांची. राबणारे विस्मृतीत जातात, काहीच न पेरणारी नदी वाहत राहते. पुढे कृष्णवर्णीय अमेरिकी गायक पॉल रॉबसन यांनी मैफलींत त्याचे शब्दच बदलले. जगण्याला कंटाळलेला, मरणाला भिणारा तो माणूस मरेपर्यंत लढेन म्हणू लागला. न्यूयॉर्कमध्ये शिकताना हजारिकांची रॉबसन यांच्याशी ओळख झाली. हजारिकांनी तर थेट नदीलाच धारेवर धरले.

बांगलात आणि पं. नरेंद्र शर्मांच्या हिंदीत लुइतची गंगा झाली. म्हातारा गेला, आई आली. माझ्या मते इथे गाण्याला धार चढली, कारण आईला विचारलेल्या प्रश्नात पोटच्या पोराचा संताप येतो.

आपल्याकडे गदिमांची 'संथ वाहते कृष्णामाई' (१९६७, संगीत दत्ता डावजेकर, स्वर सुधीर फडके). तीही भक्तिगीतांत ढकलली जाते. पण तीरावरच्या सुखदुःखाची तिला जाणीवच नाही, असे कवी ध्रुपदातच सांगतो. ही नदी म्हणजे निसर्गनीती, आणि तिला जाब विचारून उपयोग नाही. 'संथ' हा शब्दही भूगोलाला धरून आहे. महाबळेश्वरला सुमारे १,३०० मीटरवर उगम, वाईपर्यंत बहुतेक उतार संपतो. पुढे कराड-सांगलीकडे पात्र सपाट, वळणावळणाचे. म्हणूनच तिथे पूरही लवकर ओसरत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते, धोक्याची पातळी ४५ असताना. ती जाणीव नसणे काय असते, हे त्या काठाला शिकवावे लागत नाही.

गाणाऱ्यांसाठीही थोडे. मिसिसिपीच्या गाण्याचा पल्ला जवळजवळ पावणेदोन सप्तकांचा आहे. सुरुवात खर्जात, कळस अगदी शेवटी. आरंभ सोयीचा वाटेल अशी पट्टी धरली की शेवटच्या ओळीला आवाज फाटतो. म्हणून पट्टी शेवटच्या ओळीवरून ठरवावी. कृष्णामाईत चूक लयीची होते. टाळ्या मिळाव्यात म्हणून लय चढवली की 'संथ' हा शब्दच खोटा पडतो.

पुढच्या यादीत गायकाच्या नावाबरोबर कवीचे नाव, मूळ भाषा आणि मूळ नदीही छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली