मूठ मात्र तुम्हीच घडवा

सातारा,
रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवरचे बोलणे अर्धवटच राहिले. मी नेमबाजीच्या खेळासाठी एअर पिस्तूल घेणार, एवढे वाक्य पुरे होते न होते तोच आईने "पिस्तूल? घरात?" असे म्हणून फोन बाबांकडे दिला आणि बाबांनी पुढचे काही न ऐकता बँकेतली ठेव मोडून पैसे पाठवण्याचे जाहीर करून टाकले. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. ठेव मोडायची नाही, हे आधीच सांगून ठेवते. बाबांकडून मला वेगळेच काही हवे आहे.

आधी आईच्या काळजीविषयी. आई, या पिस्तुलात दारूगोळा नसतो; दाबलेल्या हवेने 4.5 मिलिमीटरचा शिशाचा छर्रा बाहेर पडतो, इतकेच. आपल्याकडे 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही, आणि स्पर्धेच्या पिस्तुलाची ऊर्जा साधारण सहा ज्यूलच्या आसपास असते. मात्र ते खेळणे आहे, असे मी कधीच म्हणणार नाही. हा छर्रा डोळ्याला लागला तर डोळा जातो. म्हणून पिस्तूल कुलूपबंद कपाटात राहील, रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, जाताना बंद पेटीत जाईल, आणि रेंजवरसुद्धा सराव सुरू होईपर्यंत नळीत रंगीत सुरक्षा-दोरी ओवलेली असेल, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही दिसावे. शिशाला हात लागतो म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय मी डबा उघडत नाही. ही शिस्त तूच लावलेली आहे.

आता निवडीविषयी. सहा महिने मी क्लबच्या पिस्तुलावर शिकले. ते स्प्रिंगचे आहे. चाप ओढला की आतली स्प्रिंग सुटते आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच हाताला हिसका बसतो. त्यामुळे नेम चुकला तर दोष माझा की पिस्तुलाचा, हे कळायला मार्ग राहत नाही, आणि शिकणाऱ्याला याहून मोठी अडचण दुसरी नसेल. कार्बन डायऑक्साइडवर चालणारी पिस्तुलेही मिळतात, परंतु त्या वायूचा दाब हवामानाप्रमाणे चढतो-उतरतो. साताऱ्यातली जानेवारीची सकाळ आणि मे महिन्यातली दुपार यांत छर्र्याचा वेग सारखा राहणार नाही. तिसरा प्रकार प्रत्येक नेमाआधी एक दांडा ओढून हवा भरण्याचा. त्यात सिलिंडर नाही, गॅस नाही, बिघडण्यासारखे फारसे काही नाही, आणि वेग अगदी एकसारखा. रशियन बनावटीचे इझ-46 याच जातीचे. मला ते मनापासून आवडले होते. पण स्पर्धेत सव्वा तासात 60 नेम मारायचे असतात, त्याआधी सरावाचे वेगळे, आणि तेवढ्या वेळा तो दांडा ओढल्यावर माझा हात चाळिसाव्या नेमालाच थरथरू लागला.

उरला तो प्रकार म्हणजे नळीखाली हवेचे छोटे सिलिंडर असलेले पिस्तूल. ते सिलिंडर 200 बार दाबापर्यंत भरतात, आतला रेग्युलेटर प्रत्येक नेमाला मोजून तेवढीच हवा सोडतो, आणि हाताला हिसका जवळजवळ जाणवत नाही. भरण्याची सोय क्लबमध्ये आहे. आज मोठ्या स्पर्धांत बहुतेक सगळे याच प्रकारावर खेळतात. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी ही नावे रेंजवर सारखी कानावर पडतात आणि नवीन घ्यायचे तर किंमत दीड-दोन लाखांच्या घरात जाते. बाबा, तुमची ठेव नेमकी इथेच खर्ची पडली असती.

मोरिनीसारख्या काही पिस्तुलांचा चाप विजेवर चालतो. तो फार हलका आणि स्वच्छ सुटतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. तरी मी साधा यांत्रिक चाप पसंत केला, कारण तो स्क्रूने लावता येतो आणि काय बिनसले ते डोळ्यांना दिसते. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये 2021 साली आपली नेमबाज मनू भाकर हिच्या पिस्तुलात पात्रता फेरीत ऐन वेळी बिघाड झाला आणि मोलाची मिनिटे गेली. त्याच मनूने 2024 मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदके मिळवली. तिच्या पाठीशी दुरुस्ती करणारी माणसे होती. साताऱ्यात माझ्या पाठीशी एक स्क्रूड्रायव्हर आहे. शिवाय नियमाप्रमाणे चापाचा ताण 500 ग्रॅमपेक्षा कमी असून चालतच नाही. तपासताना पिस्तुलाची नळी आकाशाकडे उभी धरतात, चापाला 500 ग्रॅमचे वजन अडकवतात आणि चाप न सुटता ते जमिनीवरून उचलले गेले पाहिजे. किराणा दुकानातल्या मापाची आठवण व्हावी अशी ही परीक्षा आहे.

पहिले जुने पिस्तूल पाहायला गेले तेव्हा जवळजवळ फसलेच होते. बाहेरून झकास, पेटीसुद्धा मूळची. विकणाऱ्याने सिलिंडरवरची तारीख दाखवली नाही, मीच विचारली. या सिलिंडरांचा वापर साधारण दहा वर्षांपर्यंतच करायचा असतो. 200 बार म्हणजे हातात धरलेला थट्टेचा विषय नव्हे. त्या सिलिंडरची मुदत कधीच उलटून गेली होती. नवीन सिलिंडर घ्यायचे म्हटले की स्वस्तातला व्यवहार महागात पडतो, म्हणून मी नमस्कार करून परत आले. दुसरे पिस्तूल क्लबमधल्याच एका बाईंचे. त्यांची बदली झाली आणि खेळ सुटला. सिलिंडरला अजून सहा वर्षे आहेत, वजन साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास (नियमाने दीड किलोपर्यंत चालते, पण ते एका हाताने, कोपर न टेकता तोलायचे असते, हे नियम करणाऱ्यांनी विसरू नये), आणि किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. ती मी माझ्या शिल्लकीतून देऊ शकते.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्या तपासणीत मला उशिरा उमगले की पिस्तूल निवडणे म्हणजे मूठ निवडणे. दहा मीटरवरचा दहा गुणांचा ठिपका 11.5 मिलिमीटरचा असतो, शर्टाच्या बटणाएवढा. मूठ हातात किंचित फिरली तरी पुढची साइट, म्हणजे नेम धरायची नळीवरची खूण, मागच्या खाचेत एका बाजूला सरकते आणि तो ठिपका हुकतो. प्रशिक्षकांनी मला एक युक्ती शिकवली: डोळे मिटून हात उचलायचा, सवयीने जिथे थांबेल तिथे थांबायचे आणि मग डोळे उघडायचे. साइट आपोआप खाचेच्या मधोमध दिसली तर मूठ आपली. क्लबच्या पिस्तुलाची मूठ पुरुषी पंजाची होती. सहा महिने मी मनगट वाकडे करून तिच्याशी जुळवून घेत होते आणि सगळे छर्रे डावीकडे का जातात, म्हणून स्वतःला दोष देत होते.

बाबा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळेल. तुम्ही मिरजेत चाळीस वर्षे तानपुरे घडवलेत. बाईच्या पट्टीला बसणारा तानपुरा लहान भोपळ्याचा, पुरुषाच्या पट्टीचा मोठा. गाणाऱ्याला विचारल्याशिवाय तुम्ही भोपळा निवडत नव्हता. त्या बाईंच्या पिस्तुलाची मूठ मध्यम मापाची, अक्रोडाच्या लाकडाची आहे आणि माझ्या हाताला बरीच जवळची आहे, पण दोन जागी खुपते: अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात आणि करंगळीच्या बाजूला. तर्जनी चापापर्यंत पोचते, पण पेराच्या मध्यावर न पडता जरा टोकावर पडते, म्हणजे मागच्या बाजूचे लाकूड थोडे उतरवावे लागेल. रेंजवर काही जण स्वतःच पॉलिश पेपरने घासतात. एकाने इतके घासले की लाकडाची पुट्टी भरून पुन्हा घडवावे लागले. मला ते धाडस करायचे नाही.

म्हणून मूठ तुम्ही घडवा, एवढीच माझी मागणी आहे. काढायचे थोडे-थोडे, तुमच्या पद्धतीने: हाताला खडूची पूड लावून मूठ धरायची आणि जिथे रंग उठेल तेवढेच कानशीने उतरवायचे. तळहाताखालचा आडवा आधार मुठीशी काटकोनापेक्षा आत वळता कामा नये, मुठीचा कोणताही भाग मनगटाला वेढता कामा नये, आणि अंगठा वरच्या दिशेने मोकळा हलला पाहिजे. यातले काही चुकले तर स्पर्धेच्या आधीच पिस्तूल बाद होते. शेवटी पॉलिश करू नका, लाकूड खरखरीतच राहू द्या, नाहीतर घामाने हात घसरतो. हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण चकाकी हा तुमचा जीव की प्राण.

दुसऱ्या शनिवारी मी कोयना एक्स्प्रेसने मिरजेला येते. मूठ एका स्क्रूने निघते, त्यामुळे पिस्तूल इथेच कुलपात राहील आणि आईच्या घरात फक्त लाकूड येईल. बाबांनी बारीक कानस आणि अर्धगोल कानस तेवढी माळ्यावरून काढून ठेवावी.

तुमची,
वैशू