शनिवारची आठवण : स्प्रिंगबँक १० वर्षे

सभासदहो, शनिवारी संध्याकाळी ७ वाजता नेहमीच्या हॉलवर जमायचं आहे. यावेळी चाखायची आहे स्कॉटलंडमधल्या कॅम्पबेलटाउनची स्प्रिंगबँक, दहा वर्षे मुरलेली व्हिस्की. १८२८ पासूनची ही डिस्टिलरी आजही सगळं बार्ली जमिनीवर पसरून, फावड्यानं उलथत स्वतःच मोडवते. त्यामुळे माल थोडाच निघतो, आणि ही बाटली मिळवायला मला बरीच वाट पाहावी लागली. एकेक घोटच येईल, घाई करू नका.

परफ्यूम लावून येऊ नये, ही कळकळीची विनंती. निम्मी चव नाकालाच कळते. आधी नुसती हुंगा, मग घोट घ्या, मग दोन-चार थेंब पाणी. बर्फ ठेवलेला नाही. मद्य ४६ टक्के आहे आणि थंड करून गाळलेलं नाही, म्हणून पाण्यानं ग्लासात जरा धूसर दिसेल. ते खराब नाही. मला त्यात हलका धूर आणि खारा वारा जाणवतो, तुम्हाला काय जाणवतं ते सांगा.

चिवडा-फरसाण शेवटी.

गाडी कोणीही आणू नये. गाडी चालवताना अंगात किती मद्य चालतं, याची स्कॉटलंडची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत कळवावं.